दीडशे वॉलबी, आठ हजार वर्षे: बॅरो बेटाचे प्रकरण

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत समुद्रात बॅरो नावाचे चुनखडीचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे 23,000 हेक्टर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दुपटीहून थोडे जास्त. बराचसा भाग सखल आणि स्पिनिफेक्स या टोकदार गवताच्या झुबक्यांनी भरलेला. पश्चिमेच्या बाजूला मात्र कडे आणि घळी आहेत. तिथल्या कपारींत काळ्या पायांची रॉक-वॉलबी राहते. कांगारूच्या कुळातला हा प्राणी चार-पाच किलोचा, लांब शेपटीचा, आणि खडकावर निसटू नयेत असे खरखरीत तळवे असलेला. दिवसभराचे ऊन कपारीत काढायचे, सांज झाली की चरायला बाहेर पडायचे, आणि धोका वाटला की पुन्हा खडकात शिरायचे, असा तिचा दिनक्रम. या बेटावर तिची संख्या सुमारे 150 धरली जाते.

शिशुधान प्राण्यांच्या, म्हणजे पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासात हे दीडशे प्राणी फार मोलाचे ठरले आहेत. एखादी जात टिकायला किमान किती प्राणी लागतात, हा प्रश्न संवर्धनाच्या कामात रोज कुठे ना कुठे विचारला जातो. बॅरोच्या वॉलबींनी त्याचे जे उत्तर दिले आहे ते सरळ नाही, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

बेट तुटले तेव्हा

शेवटचे हिमयुग ऐन भरात होते तेव्हा बॅरो हे बेट नव्हतेच. समुद्र कितीतरी खाली होता आणि आजचे बेट म्हणजे रुंद किनारी मैदानातली एक टेकडी होती. तिथल्या बूडी गुहेत उत्खनन झाले आणि 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार माणसे सुमारे 50,000 वर्षांपूर्वीपासून ही गुहा वापरत होती. बर्फ वितळले, पाणी चढत गेले आणि सुमारे 8,000 वर्षांपूर्वी बॅरो मुख्य भूमीपासून अलग झाले. पुढे माणसांनी गुहा सोडली. वॉलबींना जायला वाटच उरली नव्हती.

वॉलबीची एक पिढी साधारण पाच वर्षांची धरली, तर या बंदिवासात तिच्या 1,600 पिढ्या झाल्या. माणसाची पिढी 25 वर्षांची धरून तेवढ्याच पिढ्या मागे मोजल्या तर आपण 40,000 वर्षांपूर्वीच्या काळात पोहोचतो. इतक्या पिढ्यांत बाहेरून एकही नवा प्राणी आला नाही. समुद्राने भिंत घातली आणि ती कायम राहिली.

असे प्रयोग प्रयोगशाळेत करता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ते निसर्गाने शेकडो ठिकाणी करून ठेवले आहेत. बेटे तुटली तेव्हा प्रत्येकावर किनाऱ्यावरचेच प्राणी अडकले होते. कोणत्या बेटावर कोण उरले आणि कोण संपले याची यादी केली, की बेटाचा आकार आणि जातीचे आयुष्य यांचे नाते दिसू लागते. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ बर्ट मेन यांनी यादव यांच्यासोबत नेमके हेच केले आणि 1971 मध्ये हिशेब मांडला: कांगारू-वॉलबींच्या कुळातली एखादी जात बेटावर दीर्घकाळ टिकायची असेल, तर तिची संख्या निदान 200 ते 300 असायला हवी.

हा आकडा पुढे पुष्कळ ठिकाणी उद्धृत झाला. तो अनुभवातून आलेला आहे, म्हणून मला तो आवडतो. पण तो नेमके काय सांगतो हे नीट पाहायला हवे. जी बेटे मोजली त्यांवर जे प्राणी उरले होते, त्यांच्या संख्येचा हा खालचा काठ आहे. जे संपले ते कशाने संपले, दुष्काळाने, वणव्याने की नुसत्या दुर्दैवाने, याची नोंद कोणाकडेच नाही. आणि जे उरले ते कोणत्या अवस्थेत उरले, हे त्या वेळी तपासण्याची सोयही नव्हती.

पुढे 1980 मध्ये ऑस्ट्रेलियाचेच जनुकशास्त्रज्ञ इयन फ्रँकलिन यांनी दुसऱ्या बाजूने उत्तर दिले. जवळच्या नात्यातल्या प्रजननाचे तात्काळ दुष्परिणाम टाळायचे तर परिणामकारक संख्या 50 हवी, आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची ताकद टिकवायची तर 500 हवी. परिणामकारक संख्या म्हणजे डोकी मोजून येणारी संख्या नव्हे. पुढच्या पिढीत ज्यांची जनुके खरोखर उतरतात तेवढ्यांचा तो हिशेब असतो. एकाच नराने बरीच पिल्ले काढली, काही माद्यांना पिल्ले झालीच नाहीत, एखाद्या दुष्काळात अर्धे प्राणी गेले, की हा आकडा झपाट्याने खाली येतो.

1999: रक्तात काय सापडले

ऑस्ट्रेलियातले संशोधक मार्क एल्ड्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅरोच्या वॉलबींच्या डीएनएमधल्या दहा जागा तपासल्या. या मायक्रोसॅटेलाइट जागा. तिथे डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि तो किती वेळा येतो हे प्राण्यागणिक बदलते, म्हणून विविधता मोजायला त्या सोयीच्या पडतात. मुख्य भूमीवर, एक्समाउथ भागातल्या वॉलबींत दहाच्या दहा जागी फरक होते. बॅरोवर फक्त एका जागी. उरलेल्या नऊ जागी तपासलेला प्रत्येक प्राणी दुसऱ्यासारखाच निघाला.

प्रत्येक प्राण्याला जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. या दोन प्रती वेगळ्या असण्याच्या प्रमाणाला विषमयुग्मता म्हणतात. एक्समाउथच्या वॉलबींत ती 0.62 होती आणि बॅरोच्या वॉलबींत 0.05. सस्तन प्राण्यांत तोवर इतका खालचा आकडा कोणी नोंदवला नव्हता. त्यावरून काढलेली परिणामकारक संख्या होती सुमारे 15. कपारींत दीडशे प्राणी हिंडत आहेत, पण जनुकांच्या हिशेबात ते पंधराच.

इथे थोडे गणित करू. दर पिढीला विविधतेचा जो हिस्सा निव्वळ योगायोगाने गळतो तो असतो 1 भागिले परिणामकारक संख्येची दुप्पट. संख्या 15 असेल तर दर पिढीला तिसावा भाग, म्हणजे 3.3 टक्के. ऐकायला हे थोडे वाटते. पण 20 पिढ्यांत, वॉलबीच्या 100 वर्षांत, अर्धी विविधता गेलेली असते. 100 पिढ्यांनंतर साडेतीन टक्क्यांहूनही कमी उरते. अजून 1,500 पिढ्या बाकीच असतात. संख्या 500 असती तर दर पिढीला हजारावा भागच गळला असता आणि 1,600 पिढ्यांनंतरही मूळ विविधतेचा पाचवा हिस्सा शिल्लक राहिला असता.

म्हणजे मुख्य भूमीवरून जो ठेवा बरोबर आला होता तो बॅरोच्या वॉलबींनी जवळजवळ सगळा केव्हाच गमावला असणार. आज जी 0.05 विविधता दिसते ती बहुतांशी पुढच्या काळात नव्या उत्परिवर्तनांनी, म्हणजे जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांनी, उपजलेली आणि अजून गळून न गेलेली. एका बाजूने थेंब थेंब भरते आहे, दुसऱ्या बाजूने गळते आहे, आणि भांडे तळाशीच राहते आहे.

याचा परिणाम शरीरावरही दिसला. मुख्य भूमीवर 92 टक्के माद्या दूध पाजणाऱ्या आढळल्या, बॅरोवर 52 टक्के. नर-मादींचे प्रमाण विषम होते. शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूंत जी सममिती असायला हवी ती बॅरोवर अधिक बिघडलेली होती. वाढीच्या काळात शरीराला तोल सांभाळता आला नाही की अशी लहान लहान विषमता राहून जाते. हे अंतःप्रजनन ऱ्हासाचे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजननाने येणाऱ्या दुर्बलतेचे, नमुनेदार लक्षण.

इथे कोणीही विचारेल की इतक्या पिढ्यांत वाईट जनुके निवडीने झडून कशी गेली नाहीत? जी एकदम जीव घेणारी असतात ती झडतात. जी थोडीशीच हानी करतात ती लहान संख्येत निवडीच्या नजरेतून सुटतात आणि योगायोगाने सगळ्यांत पसरतात. एकदा ती प्रत्येक प्राण्यात दोन्ही प्रतींत बसली, की बेटावर त्यांना पर्यायच उरत नाही. मादीने कोणताही नर निवडला तरी त्याच्याकडे तेच वाण. जवळपास निम्म्या माद्या रिकाम्या राहतात.

आणि तरीही ही संख्या घटत नव्हती. हे वाक्य मी त्या निष्कर्षांत वाचले तेव्हा थांबून पुन्हा वाचले. अंतःप्रजननाने हे प्राणी बाधित आहेत, त्यांची प्रजनन क्षमता खालावली आहे, विविधता नाहीशी झाली आहे, आणि तरी 1,600 पिढ्या ते तगून आहेत.

मुख्य भूमीवर

ते कसे तगले हे समजायला मुख्य भूमीकडे पाहावे लागते. पर्थच्या पूर्वेला व्हीटबेल्ट नावाचा गव्हाचा पट्टा आहे. सपाट शेतांमध्ये मधूनच ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या, आणि त्यांतल्या मोजक्या टेकड्यांवर हीच काळ्या पायांची रॉक-वॉलबी उरली होती. ही टेकड्यांची बेटेच, फक्त भोवती पाण्याऐवजी गहू. एकेका टेकडीवर काही डझन प्राणी, म्हणजे बॅरोहून कमी. पण त्यांची विषमयुग्मता होती 0.56. कारण ही बेटे अलीकडची. जंगल तोडून शेती झाली त्याला शंभरेक वर्षे, वॉलबीच्या वीसेक पिढ्या. जुना ठेवा गळायला अजून वेळ मिळाला नव्हता.

जनुकांच्या तराजूत तोलले तर व्हीटबेल्टच्या वॉलबी बॅरोच्या दहापट श्रीमंत. पण 1970 च्या दशकाच्या अखेरीस मरायला टेकल्या होत्या त्या व्हीटबेल्टच्या. त्यांना खात होती खोकड. (मराठीत फॉक्सला आपण सर्रास कोल्हा म्हणतो, पण कोल्हा वेगळा; हा प्राणी लाल खोकड.) युरोपीय वसाहतवाल्यांनी शिकारीच्या शौकापायी 19व्या शतकात मेलबर्नच्या परिसरात ती आणून सोडली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ती पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचली. चार-पाच किलोच्या प्राण्याला खोकडीपासून बचाव नाही.

संशोधक जॅक किनेअर आणि सहकाऱ्यांनी 1982 पासून पाचपैकी दोन टेकड्यांवर विषारी आमिषे टाकून खोकडी मारायला सुरुवात केली. विष होते 1080, म्हणजे सोडियम फ्लुओरोॲसिटेट. याच जातीचे विष नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या गॅस्ट्रोलोबियम या झुडपांत निसर्गतःच असते. हजारो वर्षे ती झुडपे चघळत आलेल्या तिथल्या प्राण्यांना ते बरेचसे पचते, बाहेरून आलेल्या खोकडीला पचत नाही. चार वर्षांत एका टेकडीवर वॉलबी 138 टक्क्यांनी आणि दुसरीवर 223 टक्क्यांनी वाढल्या. आमिष न टाकलेल्या तीन टेकड्यांपैकी दोनवर त्या घटल्या. 1988 मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि ऑस्ट्रेलियातल्या संवर्धनाची दिशाच त्यामुळे बदलली. पुढे खोकडी आवरल्यावर मांजरांचा प्रश्न डोके वर काढून बसला. यांतल्याच नँगीन हिल या टेकडीवर वाढलेली संख्या पुन्हा कोसळली आणि शेवटी टेकडीला कुंपण घालावे लागले.

बॅरोवर खोकड कधी पोहोचली नाही. मांजरांनी बस्तान बसवले नाही. 1990 च्या सुमारास बेटाच्या एका भागात काळे उंदीर सापडले ते लगेच हटवले गेले. 1910 पासून बेट अ-वर्गाचे निसर्ग राखीव क्षेत्र आहे. म्हणून मुख्य भूमीवरून बहुतांशी नाहीसे झालेले बूडी (बीळ खोदणारा, कांगारूच्या नात्यातला छोटा प्राणी), चष्मेवाली हेअर-वॉलबी, सोनेरी बँडिकूट असे शिशुधान प्राणी इथे आजही आहेत.

व्हीटबेल्ट आणि बॅरो शेजारी ठेवले की माझे मत असे बनते: नजीकच्या काळात कोण जगणार हे खाणारा आहे की नाही यावर ठरते, जनुके दूरच्या काळात बोलतात. मेन-यादवांच्या दोनशे-तीनशेच्या आकड्याखाली राहूनही बॅरोच्या वॉलबी टिकल्या, कारण त्यांची परीक्षा घेणारे कोणी बेटावर आलेच नाही. आठ हजार वर्षे टिकल्या म्हणून त्या पुढेही टिकतील असे म्हणणे मला घातक वाटते. एखादा नवा रोग आला तर दीडशेच्या दीडशे प्राणी त्याला सारख्याच तयारीने, किंवा सारख्याच अ-तयारीने सामोरे जातील. एखादीकडे वेगळे जनुक असेल आणि ती वाचेल, ही शक्यताच तिथे जवळपास उरलेली नाही. आणि जवळपास निम्म्या माद्या रिकाम्या राहत असताना मोठ्या घसरणीनंतर पुन्हा उभे राहायला किती वर्षे लागतील याचाही विचार करावा लागतो.

बेटावरचा एखादा प्रसंग किती झटक्यात सगळे संपवतो याचे उदाहरण बॅरोच्या शेजारीच आहे. बूडी नावाच्या छोट्या बेटावर याच नावाचे प्राणी होते. 1985 मध्ये तिथे उंदीर मारायला विष टाकले गेले आणि त्यात बूडी संपले. एका मोहिमेत अख्खी वस्ती गेली. 1993 मध्ये बॅरोवरून बूडी आणून तिथे पुन्हा सोडले. शेजारी दुसरे बेट होते म्हणून ते शक्य झाले.

बियाणे कुठून घ्यायचे

या प्रकरणाचा खरा व्यावहारिक पेच इथे आहे. मुख्य भूमीवर कुंपण घालून, खोकडी-मांजरे हटवून जागा तयार केली, तर तिथे सोडायला प्राणी कुठून आणायचे? बेटांवरचे हाताशी असतात. मोजकेच पकडायचे असतात आणि आसपास त्यांना शत्रू नसल्याने ते बऱ्या संख्येत असतात. पण एल्ड्रिज यांनी इशारा दिला होता की बेटावरून आणलेले प्राणी म्हणजे गळलेला ठेवा. दक्षिणेकडच्या इतर बेटांवरच्या रॉक-वॉलबींतही विविधता मुख्य भूमीपेक्षा कमीच निघाली. फक्त बॅरोच्या वॉलबींवर नवी वसाहत उभी केली तर ती वसाहत पहिल्या दिवसापासून तोच शरीरदोष घेऊन जगेल, आणि त्यातून पुन्हा काही प्राणी उचलून तिसरीकडे नेले तर आणखी गळती.

यावरचा तोडगा बॅरोच्याच दुसऱ्या एका प्राण्यावर करून पाहिला गेला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात मातुवा नावाचे क्षेत्र आहे. पूर्वी ते लॉर्ना ग्लेन नावाचे पशुपालनाचे कुरण होते. 2010 पासून तिथल्या कुंपणात बॅरोवरचे बूडी आणि ड्रायअँड्राच्या संगोपन केंद्रातले बूडी एकत्र सोडले गेले. ड्रायअँड्राचे प्राणी दुसऱ्या बेटांच्या वंशातले आणि अंगाने मोठे. इतका फरक असताना ती एकमेकांत मिसळतील का, अशी शंका होती. ती मिसळली. संकरित पिल्ले झाली, ती पुढे वाढली, आणि दोन्ही मूळ वस्त्यांच्या तुलनेत त्यांची विविधता जास्त भरली.

दुसरे उदाहरण समुद्राचे नाही, डोंगराचे आहे. व्हिक्टोरियातल्या माउंट बुलर शिखरावर माउंटन पिग्मी-पॉसम हा मूठभर आकाराचा शिशुधान प्राणी राहतो. खालच्या खोऱ्यांत तो जगू शकत नाही, म्हणून शिखर त्याला बेटासारखेच. तिथे 1996 मध्ये काही शे असलेली संख्या पुढच्या दहा वर्षांत अगदी थोड्यावर आली. 2011 मध्ये दूरच्या दुसऱ्या डोंगरावरचे सहा नर आणून सोडले. त्यांच्या संकरित संततीत पिल्ले अधिक झाली, ती जास्त जगली, आणि वस्ती पुन्हा दोनशेच्या पुढे गेली. सहा नर. तेवढ्याने गाडी रुळावर आली, पण त्याच काळात तिथल्या निवासाचीही दुरुस्ती आणि मांजरांवर नियंत्रण सुरू होते, हे विसरून चालणार नाही. फक्त नवे रक्त आणून काम भागले असते असे मला वाटत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच कालबारी राष्ट्रीय उद्यानात रॉक-वॉलबी वीस वर्षांपासून संपल्या असे मानले जात होते. 2015 मध्ये तिथल्या एका घळीत खडकांवर चढणाऱ्यांना दोन दिसल्या. 2016 ते 2018 या काळात व्हीटबेल्टमधल्या 72 वॉलबी तिथे आणून सोडल्या गेल्या. म्हणजे खोकडीपासून ज्यांना वाचवले गेले, त्याच टेकड्यांवरचा विविधतेने संपन्न साठा इथे कामी आला. बॅरोच्या वॉलबी आणल्या असत्या तर संख्या भरली असती, पण उद्याची जुळवून घेण्याची ताकद आली नसती.

मग बॅरोवरच बाहेरचे नर आणून सोडावेत का? माझा कल याच्या विरोधात आहे. आठ हजार वर्षे एकटी राहिलेली ही वस्ती स्वतःपुरती स्थिर आहे, आणि तिच्यात बाहेरून आणलेल्या प्राण्यासोबत रोग, उवा-गोचिडी काय येईल याची खात्री देता येत नाही. त्या कपाऱ्यांना नवा वंश मिळण्यापेक्षा न आलेला जंतू अधिक मोलाचा. पण बॅरोच्या काही वॉलबी बाहेर काढाव्यात, मुख्य भूमीच्या वंशात कुंपणाच्या आत मिसळाव्यात, आणि बेटाला काही झाले तर त्यांचा वंश कुठेतरी जिवंत असावा, हे मला पटते. हे काम संकट येण्याआधी करायचे असते, कारण नंतर काढायला प्राणी उरतीलच असे नाही.

तोवर बॅरोचे रक्षण म्हणजे तिथे काही नवे उतरू न देणे. हे सोपे नाही. 1964 मध्ये बेटावर तेल सापडले. 2009 मध्ये मंजूर झालेला गॉर्गन वायू प्रकल्प याच बेटावर उभा राहिला आणि 2016 पासून तिथून वायू जहाजांत भरला जाऊ लागला. त्यासाठी माणसे, यंत्रे आणि साहित्य सतत ये-जा करते. म्हणूनच बेटावर येणारी प्रत्येक पेटी, प्रत्येक जहाज आणि प्रत्येक माणूस आधी कडक तपासणीतून जातो: बिया, मुंग्या, कोळी, उंदीर काही चिकटून आलेले नाही ना, हे पाहिले जाते. पश्चिमेच्या कड्यांवरच्या वॉलबींसाठी आठ हजार वर्षे समुद्राने जे केले, ते आता रोज माणसांना करावे लागते.